फायनलच्या दिवशी उल्का खाली आली

उल्का बोधनकरने तीन सोडल्या तर आपल्या मुलीची बास्केटबॉलची एकही मॅच पाहिली नव्हती, आणि त्याचं कारण तिच्या नवऱ्याच्या मते अगदी शास्त्रशुद्ध होतं.

नवरा म्हणजे मनोहर. मूळचा नागपूरचा, गेली एकतीस वर्षं शिकागोजवळच्या नेपरव्हिलचा, आणि एका विमा कंपनीत धोक्याची गणितं मांडण्याचा भरपूर पगार घेणारा. कुठल्या गावात किती वर्षांनी पूर येईल, कुठल्या वयाचा माणूस गाडी किती वेळा ठोकेल, हे हजारो नोंदी तपासल्याशिवाय हा गृहस्थ सांगत नसे. बायकोच्या बाबतीत मात्र त्याला तीन नोंदी पुरल्या. लेक अनिका सहावीत असताना उल्का शाळेच्या जिममध्ये जाऊन बसली, टीम एका पॉइंटने हरली. आठवीत गेली, परत हरली. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी गेली, तेव्हा टीम तर हरलीच, वर अनिकाचा गुडघा दुखावून पोर सहा आठवडे घरी बसली. झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि खटला उभा राहिला तो कावळ्यावर.

मनोहरच्या घरात हे नवं नव्हतं. त्याचे वडील क्रिकेटची मॅच ऐकताना विकेट पडली की बायकोकडे बघायचे, आणि ती माउली निमूटपणे स्वयंपाकघरात जायची. पुढेपुढे तर टॉस व्हायच्या आधीच जाऊ लागली. सगळ्या मॅचेस तिने भिंतीपलीकडून ऐकल्या. मनोहर ही गोष्ट हसत हसत सांगायचा, आणि पाहुणेही हसायचे. आता अमेरिकेत आल्यावर शब्द सुधारला. इथे जिंक्स म्हणायचं. नागपूरला पनवती म्हणायचे. उल्काच्या आजीच्या काळात पांढऱ्या पायाची म्हणत, आणि तसं म्हटलेल्या बाईला लग्नाच्या मांडवात पुढे येऊ देत नसत. शब्द कुठलाही घ्या, बाईने दाराआड राहायचं एवढा त्याचा अर्थ होता.

आता गंमत बघा. ज्या बाईने मॅच बघायची नाही असं ठरलं, तिनेच ती मुलगी खेळती केली होती. मनोहर शिकागोहून संध्याकाळच्या ट्रेनने घरी येईपर्यंत घरासमोरच्या ड्राइव्ह-वेवर दोनशे शॉट्स होऊन गेलेले असत. अनिका मारायची आणि उल्का बास्केटखाली उभी राहून बॉल परत द्यायची. सलवार-कमीजवर जाड जॅकेट, पायात बूट, हातमोजे काढून ठेवलेले, कारण हातमोज्यातून बॉल निसटतो. अशी दहा वर्षं. बॉल अनिकाच्या हातातून सुटला की आत जाणार की नाही, हे उल्काला नुसत्या मनगटावरून कळायचं. पाऊण-पाऊण तास गाडी चालवून मुलीला मॅचला नेणारी तीच. आणि मॅच सुरू झाली की पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून राहणारीही तीच, हिवाळ्यात हीटर लावून. आत मनोहर ऑफिसमधून परस्पर आलेला असायचा, पहिल्या रांगेत.

हायलाइट्स बघायची मात्र तिला परवानगी होती. निकाल लागल्यावर बघ, त्याने काही होत नाही, असा मनोहरचा नियम. म्हणजे पंगत उठल्यावर शिळं वाढायचं आणि वर म्हणायचं, जेवलीस ना?

अनिका कॉलेजात खेळली, मग युरोपात गेली. आज हा क्लब, उद्या तो, अशी नऊ वर्षं काढून शेवटी पोलंडमधल्या एका छोट्या गावाच्या क्लबमध्ये स्थिरावली. गावाचं नाव इतकं जोडाक्षरी की मनोहर सरळ ‘आपली टीम’ म्हणायचा. एप्रिलमधल्या एका शुक्रवारी या आपल्या टीमने, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, सेमीफायनल मारली. युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, आणि फायनल रविवारी, स्पेनमध्ये, समोर इस्तंबूलची दांडगी टीम. तिथली रात्र म्हणजे नेपरव्हिलची दुपार. दोन दिवसांत तिकडे पोचणं कठीण, म्हणून मनोहरने बेसमेंटमध्ये बावीस माणसं बोलावली आणि उल्काला बटाटेवडे सांगितले.

शनिवारी मनोहर पाव आणायला गेला असताना अनिकाचा फोन आला. एरवी ती वडिलांच्या फोनवर करायची. आज उल्काच्या वाजला.

“मॉम, डॅड नाहीये ना? लिसन. उद्याची लास्ट गेम आहे. आय मीन, लास्ट लास्ट. माझे गुडघे संपलेत. फक्त कोचला माहितीये आणि तुला. डॅडला मी गेमनंतर सांगणार, आधी कळलं तर तो उगाच इमोशनल होऊन मेसेजेस करत बसेल. प्रॉमिस कर, नाही सांगणार.”

“नाही सांगणार,” उल्का म्हणाली. ती खुर्ची ओढून बसली. “फार दुखतंय का गं?”

“इट्स फाइन. आणि मॉम, तुला उद्या बघायला लागणार नाही, डोन्ट वरी. आय नो यू हेट इट.”

“काय हेट?”

“गेम्स. डॅडने सांगितलंय ना. मॉमला हे आवडत नाही, तिला बोअर होतं, तिला फोर्स करू नको. मी सेव्हन्थ ग्रेडमध्ये होते तेव्हा. इट्स ओके, मॉम, रिअली. आधी वाईट वाटायचं. आता नाही वाटत.”

पलीकडे कोणीतरी अनिकाला हाक मारली, तिने “लव्ह यू, बाय” म्हटलं आणि फोन ठेवला. उल्का हातात फोन धरून तशीच बसली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पनवती म्हणून बाहेर बसवलं ते तिने गिळलं होतं. ते मुलीच्या भल्यासाठी म्हणून तरी होतं. पण मुलीला सांगितलं काय, तर आईला तुझा खेळ आवडत नाही! आणि ते पोर एकतीस वर्षांचं झालं तरी हेच धरून बसलेलं.

मनोहर पावाची पाकिटं घेऊन आत आला तेव्हा ती दारातच उभी होती.

“तुम्ही अनूला सांगितलंत, मला तिचा खेळ आवडत नाही?”

मनोहर गोंधळला, पण क्षणभरच. “अगं, मग काय सांगणार होतो? तुझी आई पनवती आहे म्हणून? बारा वर्षांची पोर ती. तुझाच मान राखला मी.”

“माझा मान?”

“मग कोणाचा? आणि आज कुठून उकरून काढलंस हे?”

“उद्या मी खाली बसून मॅच बघणार.”

पावाची पाकिटं मनोहरने ओट्यावर ठेवली, हळू, जणू ती फुटतील. “उल्का, उद्या फायनल आहे. माझा विश्वास आहे असं नाही. पण इतकी वर्षं पाळलं, आता ऐन वेळी मोडायचं? तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच आहे. पुढच्या सीझनला बघ ना, हव्या तेवढ्या बघ. मी अडवणार नाही, बस?”

पुढचा सीझन नाही, हे वाक्य उल्काच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. पण वचन दिलं होतं. तिने ते परत गिळलं, आणि ते गिळताना तिला इतका राग आला की बटाटे उकडायला लावताना कुकरचं झाकण तीनदा चुकीचं बसलं.

रविवारी साडेबारापासून गाड्या लागायला लागल्या. महाराष्ट्र मंडळाचे माजी अध्यक्ष प्रतापराव आणि त्यांच्या पत्नी पद्मिनीकाकू आले, पुण्याहून नोकरीला आलेला सिद्धेश आपल्या मित्रांना घेऊन आला, शेजारपाजारचे आले. मनोहरने टीमची हिरवी जर्सी घातली होती आणि तो लग्नातल्या यजमानासारखा प्रत्येकाला जागा दाखवत होता. शुक्रवारी सेमीफायनलला जो जिथे बसला होता, त्याने तिथेच बसायचं. शुक्रवारी सिद्धेश खुर्ची न मिळाल्यामुळे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता, तर आज तीन खुर्च्या रिकाम्या असूनही बिचाऱ्याला पायरीच मिळाली. बाथरूमला जायचं तर ब्रेकमध्ये. लीड असेल तर पाय हलवायचे नाहीत. हे सगळे शिकलेसवरलेले लोक. एक तर हृदयाचा डॉक्टर होता.

उल्का वरच राहिली. हे तिने का केलं ते सांगितलं पाहिजे, कारण नाहीतर ती मोठी त्यागी वाटेल. तिने सकाळी ठरवलं होतं, एकच्या ठोक्याला गॅस बंद करून खाली जायचं. पण एक वाजला आणि मनात आलं, खरंच हरली तर? शेवटची मॅच, आणि आपल्यामुळे हरली तर? भीती अशी चिवट असते. आपण तिला वेडगळ म्हणतो, आणि ती आपल्याला जागेवरून हलू देत नाही. उल्काने वडा तेलात सोडला. खालून ओरडा आला. दुसरा सोडला, परत ओरडा. आपल्या पोटच्या पोरीचा खेळ ती जिन्यातून येणाऱ्या आरोळ्यांवरून ओळखत होती. आरोळीत नाव असलं की अनिकाने काहीतरी केलं, नुसतंच “यस!” असलं की दुसऱ्या कोणी.

हाफटाइम झाला. धपधप पावलं वाजवत प्रतापराव आणि पद्मिनीकाकू वडे न्यायला वर आले.

“बारा पॉइंट्सची लीड, वहिनी!” प्रतापरावांचा चेहरा फुलला होता. “तुम्ही वर थांबून केवढं मोठं काम करताय, कल्पना नाही तुम्हाला. त्याग म्हणतात याला.”

“आणि ऐक ना,” पद्मिनीकाकू ताट भरता भरता म्हणाल्या, “पाडव्याच्या कार्यक्रमात सत्कार ठेवतोय. मनोहरचा. शाल-श्रीफळ, मानपत्र, सगळं. ‘मुलीला घडवणारा बाप’ असं नाव ठरलंय. तू त्या दिवशी दोनशे मोदकांचं बघशील ना?”

उल्काने झारा कढईत ठेवला. गॅस बंद केला. हात पुसले. पद्मिनीकाकूंना वाटलं ती ताट धरायला येतेय, म्हणून त्यांनी ताट पुढे केलं, आणि उल्का त्यांच्या बाजूने जिना उतरून खाली गेली.

बेसमेंटमध्ये आधी सिद्धेशने तिला पाहिलं. “काकू,” तो पायरीवरून अर्धवट उठत पुटपुटला, “काका ओरडतील, यार.” ती त्याला ओलांडून पुढे गेली. मनोहर कोपऱ्यात कोणाला तरी तिसऱ्या क्वार्टरमध्ये काय होणार ते समजावत होता. त्याचा रिक्लायनर रिकामा होता, टीव्हीच्या बरोबर समोर. उल्का त्यात बसली.

खोलीतल्या सगळ्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. पंगतीत कोणीतरी चपला घालून आल्यासारख्या.

“उल्का,” मनोहर हसत म्हणाला, पण ते हसू ओठांच्या आतच अडकलं होतं, “अगं, वडे संपले का?”

“वर आहेत. ज्याला हवे त्याने घ्या.”

तिसरा क्वार्टर सुरू झाला, आणि उल्काने आपली मुलगी पाहिली. आठ मिनिटांच्या हायलाइट्समध्ये नव्हे, निकाल कळल्यावर नव्हे, आत्ता. उजव्या गुडघ्याला जाड पट्टा होता. अनिका धावत होती ती अर्धा पाय वाचवत. लांबून शॉट मारायचं ती टाळत होती, बॉल आला की टीममधल्या एका उंच पोलिश मुलीकडे देऊन टाकायची. उल्काला पाहताक्षणी कळलं, पोरीचं मनगट ठीक आहे पण गुडघ्यातून जोरच येत नाहीये. मग बघता बघता दुसरी गोष्ट कळली. धावून पोचता येत नाही म्हणून अनिका आधीच जाऊन उभी राहतेय. बॉल कुठे येणार ते ओळखून, बाकीच्यांच्या दोन पावलं आधी. इतकी हुशारी कधी आली हिच्यात? उल्काच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही तिला राग आला, कारण त्यामुळे नीट दिसेना.

आणि लीड वितळायला लागली. बाराची नऊ, नऊची सहा. इस्तंबूलवाल्यांनी लांबून तीन-तीन पॉइंटचे दोन शॉट्स लागोपाठ घातले. तो त्यांचा खेळ होता, त्यासाठीच त्यांना पैसे मिळत होते. पण बेसमेंटमध्ये कोणीही इस्तंबूलकडे बघेना. नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं. इथे तर नाचणारी स्पेनमध्ये आणि अंगण नेपरव्हिलमध्ये, तरी वाकडं ठरलं अंगणच.

पद्मिनीकाकू तिच्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाल्या, “उल्का, चल गं, आपण चहा टाकू सगळ्यांना.”

“मला नको चहा.”

चौथा क्वार्टर. चारची लीड. प्रतापरावांनी घसा खाकरला. “वहिनी, अंधश्रद्धा मी मानत नाही. पण रिस्क कशाला घ्यायची, एवढंच.”

उल्काला आता सगळं लख्ख दिसत होतं. उठले आणि अनू जिंकली, तर माझ्या उठण्यामुळे जिंकली. बसले आणि हरली, तर माझ्या बसण्यामुळे हरली. या खेळात आपल्याला जिंकायची सोयच ठेवलेली नाही. आणि अनूलाही नाही. ती तिकडे मोडक्या गुडघ्यावर धावतेय, आणि इकडे तिचा विजय कोणाच्या तरी रिकाम्या खुर्चीच्या नावावर लागणार.

दोनची लीड. मनोहर आला आणि सरळ टीव्हीसमोर उभा राहिला. हिरव्या जर्सीने अर्धा पडदा झाकला.

“उठ,” तो म्हणाला. आता हसू नव्हतं. “उल्का, मी हात जोडतो. चार मिनिटं राहिलीत. वर जा.”

लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत चारचौघांत उल्काने त्याला ‘अहो’ सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

“मनोहर,” ती म्हणाली, “बाजूला हो. माझी मुलगी खेळतेय.”

बावीस माणसांपैकी कोणीतरी “ओहो” केलं. मनोहर हलला नाही, पण मागून सिद्धेश ओरडला, “काका, दिसत नाहीये!” आणि मग सगळेच ओरडायला लागले, अरे हो बाजूला, अरे बॉल कोणाकडे आहे. शेवटी मनोहर लाजेने नव्हे, गर्दीच्या आरडाओरड्याने सरकला.

आता एका पॉइंटची लीड, आणि नऊ सेकंद. बॉल इस्तंबूलकडे. त्यांची सहा फूट चार इंचांची सेंटरची खेळाडू बॉल घेऊन बास्केटकडे सुटली, मध्ये कोणी नाही. नाही कसं, अनिका होती. ती दोन पावलं आधीच तिथे जाऊन उभी होती, पाय रोवून, हात छातीशी. ती धिप्पाड बाई तिच्यावर येऊन आदळली. अनिका पाठीवर पडली, घसरत गेली. बॉल आत गेला. शिट्टी वाजली.

“गेलं!” प्रतापरावांनी कपाळावर हात मारला. “फाउल पण हिचाच!”

मनोहर वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता. सगळ्यांच्या देखत त्याने बायकोकडे बोट केलं. “झालं समाधान? आता झालं समाधान तुझं?”

“ती हलली नव्हती,” उल्का म्हणाली.

“काय?”

“तिचे पाय बघ. ती आधी उभी होती. उभ्या माणसावर येऊन आदळलं तर चूक आदळणाऱ्याची असते.”

पडद्यावर रेफरीने उघड्या तळहातावर मूठ आपटली आणि मग ती मूठ उलट दिशेला रोखली. बास्केट धरली नाही. बॉल पोलंडवाल्यांना. वीस वर्षं पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला ती खूण समजायला तीन सेकंद लागली. मग तीन सेकंद राहिली, मग काहीच राहिलं नाही, आणि हिरव्या जर्सीतल्या बारा मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या.

बेसमेंट फुटलं. प्रतापराव नाचायला लागले, सिद्धेश अखेर पायरीवरून उठला, हृदयाचा डॉक्टर रडत होता. मनोहर धावत येऊन उल्काला मिठी मारायला वाकला. तिने त्याच्या छातीवर तळहात टेकवला आणि त्याला तिथेच थांबवलं.

दहा मिनिटांनी मनोहरचा फोन वाजला. सिद्धेशने तो टीव्हीला जोडला आणि अनिकाचा चेहरा भिंतीएवढा झाला, घामाने थबथबलेला, हनुवटीवर ओरखडा, मागे कागदाचे कपटे उडत होते.

“डॅड! वी डिड इट!”

“वाघीण!” मनोहर ओरडला. आनंदात माणसाची जीभ मोकाट सुटते. “पण काय जीव काढलात तुम्ही मायलेकींनी! तुझी आई हाफटाइमला खाली येऊन बसली, आणि बाराची लीड सरळ एकवर! तरी जिंकलीस, म्हणजे तुझी कमाल आहे!”

सगळे हसले. अनिका हसली नाही.

“वेट. मॉम बघत होती?”

“हो ना! उठतच नव्हती!”

“बट... लीड गेली त्याचा मॉमशी काय संबंध?”

खोलीतलं हसू हळूहळू विरलं. मनोहरने इकडेतिकडे पाहिलं. उल्का रिक्लायनरमधून उठली नव्हती.

“सांग तिला,” ती म्हणाली.

“अगं, आत्ता काय...”

“आत्ताच सांग. तिला सांगितलंस ना मला खेळ आवडत नाही म्हणून? आता खरं सांग.”

मनोहरला ते इंग्रजीत सांगता येईना आणि मराठीत सांगायला तोंड नव्हतं. शेवटी प्रतापरावच मदतीला आले. “बेटा, ते एक आपलं जुनं, म्हणजे गमतीतच. तुझी आई बघायला बसली की टीम हरते. म्हणून ती बिचारी कधी बसायची नाही. तुझ्याचसाठी हं.”

मागे गाणं लागलं होतं, कोणीतरी अनिकाला ओढत होतं, तिने हात झटकला.

“सो शी वॉन्टेड टू कम,” ती म्हणाली. “ऑल धिस टाइम. डॅड, शी वॉन्टेड टू?”

“जाऊ दे ना आता, पिल्लू. जिंकलो ना आपण? पुढच्या सीझनला तिला पहिल्या रांगेत...”

“देअर इज नो नेक्स्ट सीझन. दिस वॉज इट, डॅड. आय ॲम डन.”

मनोहर बायकोकडे वळला, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की तिला माहीत होतं. काल, तो पावाची पाकिटं ओट्यावर ठेवत असतानाही, तिला माहीत होतं. तो मटकन सोफ्याच्या हातावर बसला. उल्काला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

“मॉम?” अनिकाचा आवाज बदलला होता. तो आता रागाचा होता, आणि उल्काने ओळखलं, हा आपल्यासाठी आहे. “अँड यू बिलीव्ह्ड इट? तूसुद्धा?”

बावीस माणसं ऐकत होती. खोटं बोलायला ही फार सोपी वेळ होती. सगळं मनोहरच्या माथी मारलं की मोकळी.

“हो,” उल्का म्हणाली. “थोडंसं. प्रत्येक वेळी थोडंसं. आजसुद्धा अर्धी मॅच मी वरच होते, भिऊन.”

“मॉम, तू नसताना आम्ही किती गेम्स हरलो, यू नो? हंड्रेड्स. मिडल स्कूलमध्ये तर आम्ही ऑलमोस्ट सगळ्या हरायचो. तेव्हा कोणी काउंट नाही केलं?” ती ओठ चावत होती. “आणि हरलं की बाकीच्यांच्या मॉम्स खाली कोर्टवर यायच्या. मी दाराकडे बघायचे.”

उल्का उठली. टीव्हीजवळ गेली, सिद्धेशने लावलेली वायर तिने ओढून काढली, आणि भिंतीवरून मुलीचा चेहरा गेला. तो आता फक्त तिच्या तळहातातल्या फोनवर होता. मनोहर म्हणाला, “अगं, मला बोलू दे ना,” आणि प्रतापराव म्हणाले, “वहिनी, एक ग्रुप फोटो,” आणि तिने दोघांकडेही पाहिलं नाही. ती जिना चढून वर आली, थंड पडलेले वडे तसेच ठेवून तिने स्वयंपाकघर ओलांडलं, आणि मागचं दार उघडून बाहेर पायरीवर बसली. एप्रिल असूनही हवेत बोचरा गारठा होता.

“अनू, आहेस?”

“आय ॲम हिअर. मॉम, ते मेडल्ससाठी बोलावतायत.”

“जा, घेऊन ये मेडल. फोन ठेवू नको, खिशात टाक. मी थांबते.” तिचा आवाज अजून रागाने थरथरत होता आणि तिने तो सावरायचा प्रयत्नही केला नाही. “आणि आल्यावर मला सांग. ही फायनल मी अर्धी तरी पाहिली. बाकीच्या सगळ्या सांगायच्या, हरलेल्यासुद्धा. सातवीपासून सुरू कर.”